रॉकेलने पुसलेलं यंत्र

तारीख १० ऑक्टोबर २०१६, सोमवार, खंडेनवमी. खर्च दहा रुपये, तोही रॉकेलचा. हजर तिघं: सर, त्यांची विद्यार्थिनी वनिता आणि मी.

डहाणूच्या बाजारामागच्या गल्लीत सरांची टायपिंगची संस्था होती. तलासरीच्या ऑफिसातून सुटून मी परस्पर तिथे पोचलो, तेव्हा मोठ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर एका कॉम्प्युटरचे सगळे भाग वाळवण घातल्यासारखे ओळीने मांडलेले होते. सगळ्यात पुढे, पांढऱ्या रुमालावर, बिस्किटाहून लहान असा चौकोनी प्रोसेसर उताणा पडला होता. त्याच्या पोटाला शेकडो बारीक पिना. रुमालाच्या कोपऱ्यात एक पिन वेगळी पडली होती. तांदळाच्या कणीएवढीसुद्धा नव्हती ती.

"शिंकू नका," सर म्हणाले. "उडेल."

वनिता भिंतीला टेकून उभी होती. "मी म्हटलं होतं सरांना, त्याला नका हात लावू. म्हणाले, मळ आहे."

"मळ होताच," सर म्हणाले.

हे समजायला सरांची खंडेनवमी माहीत पाहिजे. बाकीचे लोक त्या दिवशी यंत्राला हळद-कुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात आणि पेढे वाटतात. सर हार घालत, पण आधी यंत्र खोलत. टाईपरायटरवर शिकवत तोवर दर खंडेनवमीला प्रत्येक यंत्राची अक्षरांची दांडी न् दांडी रॉकेलच्या ब्रशने घासून, पुसून, वाकलेली असेल तर बारीक पकडीने सरळ करून परत बसवत. संध्याकाळी यंत्रं अशी चमकत की हार घातल्यावर झेंडूचं प्रतिबिंब त्यांत दिसे. मळलेल्या यंत्राची पूजा करणं हा त्यांच्या मते यंत्राचा अपमान होता.

मग सरकारने टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. सरांनी आपली सगळी शिल्लक काढून सेकंडहँड कॉम्प्युटर घेतले. संस्थेच्या सरकारी मान्यतेला जितके चालू हवे होते तितकेच, एकही जास्त नाही. खंडेनवमीच्या त्याच आठवड्यात, शुक्रवारी, तपासणीसाठी सरकारी साहेब येणार होते. तेव्हा सरांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. पहिला कॉम्प्युटर खोलला. पंख्याखालचा जाड धातूचा तुकडा काढला, प्रोसेसर काढला, दोघांच्या मधला राखाडी चिकट थर रॉकेलने लख्ख पुसला आणि पिना ब्रशने घासल्या. एक पिन वाकली. ती त्यांनी पकडीने सरळ केली, जरा जास्त सरळ झाली म्हणून परत जरा वाकवली, आणि ती हातात आली.

पहिल्याच यंत्रात हे झालं म्हणून बाकीची वाचली.

आम्ही ते तसंच जोडून पाहिलं. सुरू झालं. वनिताने टाळी वाजवली. पाच-सहा मिनिटांनी आपोआप बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद.

"पिनेवाचून दम टिकत नाही," सर म्हणाले. मलाही ते पटलं. आम्हा दोघांचं कॉम्प्युटरचं ज्ञान सारखंच होतं.

मी म्हटलं, "सर, दुसरा प्रोसेसर बघू."

"एका पिनेसाठी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एक अक्षर उमटत नसलेलं यंत्र मी कधी कुणाला दिलं नाही. पण एका अक्षरासाठी यंत्र फेकलंही नाही."

सर मला कॉलेजात असताना भेटले. माझी नोकरी त्यांच्याकडून मिळवलेल्या मराठी टायपिंगच्या सर्टिफिकेटवर लागली, म्हणून आठवड्यातून एकदा तरी मी तिथे डोकावत असे. त्यांना तक्रार नव्हती, आनंद झाल्याचंही कधी दिसलं नाही. "आलात? बसा," म्हणत आणि स्टुलावर वर्तमानपत्र पसरत. स्टूल स्वच्छच असे. तरी पसरत. बाहेर कुठे गेले तरी बसण्याआधी स्वतःसाठीही तेच करत; पिशवीत एक घडी केलेलं वर्तमानपत्र कायम असे.

सगळ्यांना ते "आपण" म्हणत. मला, वनिताला, केर काढणाऱ्या बाईंना, पायरीवर येऊन झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. "आपण जरा बाजूला व्हा," असं त्याला सांगताना मी स्वतः ऐकलं आहे. कुत्रं बाजूला होई.

आत येताना दारातल्या नळावर हात धुवावे लागत. टॉवेल ज्याचा त्याचा. बोटं यंत्रावर ठेवली की वरून एक कापड टाकत, म्हणजे विद्यार्थ्याला अक्षरं दिसू नयेत. स्वतः मागच्या खोलीत जाऊन बसत आणि आवाजावरून कोण काय करतंय ते ओळखत. "तिसऱ्या यंत्रावर उजवी करंगळी आळस करते आहे," असं आतून ऐकू येई, आणि ते खरं असे. त्याच मागच्या खोलीत ते राहत. एक खाट, एक स्टोव्ह, एक ताट, एक कप. लग्न केलं नाही. सरावलीला भाऊ होता, त्याच्याकडे दिवाळीच्या दिवशी जात, स्वतःच्या भांड्यातलं पाणी पीत आणि उजेड असेतोवर परत येत.

बोलण्याऐवजी टाईप करणं त्यांना सोपं जाई. शेजारी कटलरीचं दुकान होतं. तिथले शेठ सकाळी रेडिओ मोठा लावत. सरांनी त्यांना टाईप केलेली विनंती दिली. मग दुसरी दिली. विनंतीवर जावक क्रमांक असे. शेठ मला म्हणायचे, "तुमच्या मास्तरनी आजे पण कागद आप्यो. अरे, भिंत एक आहे, जरा हाक मारा ना. कागद कशाला?" रेडिओ त्यांनी कमी केला नाही, पण कागद सगळे खिळ्याला टोचून ठेवले होते.

वनिता या सगळ्याला घाबरत नसे. ती आशागडची. नवरा सरकारी नोकरीत असताना गेला, त्याच्या जागी तिला अनुकंपा तत्त्वावर क्लार्कची नोकरी मिळाली होती आणि ती टिकवायची तर टायपिंगची परीक्षा पास होणं भाग होतं. तिशी ओलांडलेली, घरी दोन मुलं, सासू. ती धावत येई, हात धुई आणि बोलायला लागे.

"सर, हात दोनदा धुतले. साबण संपला तुमचा."

"लिहून ठेवा."

"सर, तुम्ही एकटे असता तेव्हा कोणाशी बोलता?"

सरांनी थोडा विचार केला. प्रश्न नीट विचारला गेला की ते नीट उत्तर देत. "बोलण्यासारखं काही असलं तर टाईप करतो."

"मग ते कोण वाचतं?"

"विद्यार्थी," सर म्हणाले.

ते खरं होतं. वेग वाढवायच्या सरावाचे उतारे ते स्वतः रचत. बोंबील कसे वाळवतात, चिकूची पेटी कशी भरतात, खाडीचं पाणी कधी चढतं. मी त्यातले पुष्कळ उतारे टाईप केले आहेत. माहिती चोख असे. माणूस एकही नसे. बोंबील आपोआप काठीवर चढत आणि चिकू आपोआप पेटीत जात.

संस्थेची मान्यता गेली असती तर सरांचं काय झालं असतं, हे वनिताला आणि मला माहीत होतं. पैशांचं कसंतरी निभलं असतं. खर्चच काय होता. पण सकाळी सातला शटर वर करायला आणि "आलात? बसा" म्हणायला कारण उरलं नसतं. सर हे बोलले नाहीत. खंडेनवमीच्या त्या संध्याकाळी त्यांनी बाकीच्या यंत्रांना हार घातले आणि खोललेल्या यंत्राचा हार तसाच तबकात ठेवला.

डहाणूतल्या दुकानदाराने प्रोसेसर न बघताच नवीन घ्या म्हणून सांगितलं. तलासरीला हायवेजवळ एक दुरुस्तीवाला होता, आमच्या ऑफिसची यंत्रं तोच बघायचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.ने त्याच्याकडे निघालो. मी मांडीवर नायलॉनच्या दोरीने बांधलेला कॉम्प्युटरचा कॅबिनेट घेऊन बसलो. सरांकडे साबणाची डबी होती. तिच्यात थर्मोकोलचा तुकडा, त्यात पिना रुतवून बसवलेला प्रोसेसर, आणि एका कागदाच्या पुडीत ती तुटलेली पिन. डबी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. खड्डा आला की हात वर उचलत.

समोरच्या सीटवर एक कोळीण बसली होती, पायांशी सुक्या मासळीची पाटी. बराच वेळ तिने सरांकडे पाहिलं.

"काय हाय त्या डबीत, मास्तर? कवळी हाय का?"

सर म्हणाले, "नाही, यंत्राचा भाग आहे." आणि का कोण जाणे, त्यांनी डबी उघडून तिला दाखवली. अलगद, नखाने कडेला धरून, प्रोसेसर उलटा करून.

तिने वाकून पाहिलं. "अगो बाय. येवढे दात."

"एक पडला आहे," सर म्हणाले.

"येवढ्यातला एक? आनि त्याच्यापायी तलासरीला चाल्लाव?" ती शेजारणीकडे वळली. "माजे सात गेले, मी दारात पन नाय गेली डाक्टरच्या." सगळी बस हसली. सरांनी डबी बंद केली. त्यांचे कान लाल झाले होते, पण ते रागावले नव्हते. इतक्या लोकांनी एकाच वेळी त्यांच्याकडे पाहिल्याला बरीच वर्षं झाली असावीत.

दुरुस्तीवाला चाळिशीचा, गुजराती बोलणारा, गळ्यात भिंग लटकवलेला. दुकान म्हणजे एक टपरी, मागे भिंतीला मेलेले मदरबोर्ड टांगलेले. सरांनी स्टुलावर वर्तमानपत्र पसरलं आणि बसले. त्याने ते बघितलं. प्रोसेसर भिंगाखाली धरला, मग कॉम्प्युटरवर एक नकाशा काढला. प्रत्येक पिनेचा त्यात एक ठिपका होता. बोटाने मोजत मोजत तो एका ठिपक्यावर आला.

"मास्तर, आ पिन तो ग्राउंडनी छे. म्हणजे अर्थिंगची. अशा खूप आहेत, सगळ्या एकच काम करतात. एक नसली तरी चालते."

"चालत नाही," सर म्हणाले. "पाच मिनिटांनी बंद पडतं."

"बघू."

त्याने प्रोसेसर आपल्या एका बोर्डावर बसवला. एका ट्यूबमधून राखाडी पेस्टचा ठिपका त्यावर ठेवला, वर पंखा आवळला आणि सुरू केला. मग चहा सांगितला. सरांनी नको म्हटलं. आम्ही दोघांनी चहा घेतला, त्याने एका गिऱ्हाइकाचा मोबाइल उघडला, बंद केला, मुलाला फोन केला. यंत्र चालूच होतं.

सर पडद्याकडे बघत बसले होते. शेवटी म्हणाले, "मग आमच्याकडे का बंद पडतं?"

दुरुस्तीवाल्याने आमचा कॅबिनेट उघडला. पंख्याखालचा धातूचा तुकडा उजेडात धरला. त्यात त्याला स्वतःचं नाक दिसलं असावं.

"हे कोणी पुसलं?"

"मी," सर म्हणाले. "रॉकेलने."

"मी पंधरा वर्षं धंदा करतो, इतकं साफ कधी बघितलं नाही." सर थोडे सुखावले. "पण मास्तर, ते पुसायचं नसतं. तो मळ नाही. ती पेस्ट आहे."

"चिकट होतं."

"चिकटच पाहिजे ना. बघा, हा वरून सपाट, हा खालून सपाट. डोळ्याला वाटतं चिकटून बसले. पण मध्ये बारीक हवा राहते. याची गरमी त्याच्याकडे जात नाही. मग हा आतल्या आत तापतो आणि बंद पडतो. दोन साफ वस्तू नुसत्या जवळ ठेवून चालत नाय, मध्ये थोडं काहीतरी लागतं."

सरांनी ते दोन्ही तुकडे हातात घेतले, एकावर एक ठेवले, उचलले, परत ठेवले. बराच वेळ. "आणि पिन?" त्यांनी विचारलं.

"पिनेचा काय वांधा नथी. तशीच राहू दे."

"लावता येते का?"

"येते. मेलेल्या प्रोसेसरची पिन काढून सोल्डर करायची. पण जागा बारीक. गरमी जरा जास्त लागली, शेजारची पिन चिकटली, तर सगळाच खलास. मी करीन तुम्ही बोललात तर. पण मी बोलतो, नका करू."

आता प्रश्न दोन दिवसांवरच्या तपासणीचा होता. चालू यंत्र अपुरं घेऊन जायचं, की पुरं करायला जाऊन ते घालवायचं. दुसऱ्या कुणाला यात विचार करण्यासारखं काही वाटलं नसतं. पण मी सरांना एका अस्पष्ट अक्षरासाठी आख्खं पान परत टाईप करायला लावताना पाहिलं होतं, माझ्याच हातून, चार वेळा.

सर स्टुलावर ताठ बसले होते. मग माझ्याकडे वळले. "आपल्याला काय वाटतं?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझं मत कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, राहू द्या. चालतंय ना."

"चालतंय," ते म्हणाले, आणि पुडी खिशात ठेवली.

दुरुस्तीवाल्याने पेस्ट लावून सगळं बसवून दिलं आणि एक नवी ट्यूब सरांच्या हातात दिली. "पुढच्या वेळी घरीच लावा. मुगाच्या डाळीएवढी, जास्त नाही. दोन-तीन वर्षं बघायला नको." सर ट्यूब वाचत राहिले. परतीच्या बसमध्ये ते एकदाच बोलले: "पुसू नये, असं यंत्रावर कुठेही लिहिलेलं नव्हतं."

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. साहेब आले, हात धुवायला लागले म्हणून जरा नाराज झाले. यंत्रं एकामागून एक सुरू करून बघितली. त्या यंत्राशी आले तेव्हा सर पुढे झाले.

"साहेब, यात एक पिन कमी आहे."

वनिताने मागून माझ्याकडे पाहिलं.

"कसली पिन?" साहेब म्हणाले.

"प्रोसेसरची. ग्राउंडची आहे. तिच्यावाचून चालतं."

"चालतं ना?"

"चालतं."

"मग मला कशाला सांगता?" साहेबांनी सही केली. सरांनी भिंग तयार ठेवलं होतं, नकाशाही छापून आणला होता. तो कोणी मागितला नाही. साहेब गेल्यावर वनिता म्हणाली, "सर, तुम्ही लग्नाच्या बोलणीतपण असंच सांगितलं असणार काहीतरी." सर हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

ती पिन त्यांनी एका पुठ्ठ्यावर पारदर्शक पट्टीखाली चिकटवली आणि खाली टाईप केलं: "पिन, एक. तूर्त गरज नाही. जपून ठेवली आहे." पुठ्ठा त्या यंत्राच्या वर भिंतीला लावला.

पुढच्या खंडेनवमीला सकाळी त्यांचा फोन आला. त्यांनी मला फोन केला तो हा पहिलाच. "तलासरीला जायचं आहे. पेस्ट बदलायची."

"यंत्र बंद पडतं का?"

"नाही. पण खंडेनवमी आहे."

मी म्हटलं, "ट्यूब आहे ना आपल्याकडे?" ते म्हणाले, "आहे." आम्ही गेलो. दुरुस्तीवाल्याने डोक्याला हात लावला, जुनी पेस्ट पुसली, नवी लावली. सरांनी पिशवीतून स्वतःचा कप काढला आणि त्याला चहा ओतायला सांगितला. त्याच्याकडे ते बराच वेळ बसले. त्याने मुलाच्या शाळेचं सांगितलं, सरांनी ऐकलं. त्याच्या पुढच्या वर्षी, २०१८ला, परत तेच. तोवर दुरुस्तीवाल्याला दिवस पाठ झाला होता. आम्ही बसमधून उतरायच्या आत स्टुलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं.

इकडे स्टेशनजवळ एसीचा नवा क्लास निघाला होता. तिथे हात धुवावे लागत नसत. वनिता पास झाली, पेढे देऊन गेली, मग तिची बदली झाली. विद्यार्थी एकेक कमी होत गेले आणि एका सत्राला कोणीच आलं नाही. मान्यता होती, यंत्रं होती. सर सकाळी सातला शटर वर करत, सगळे कॉम्प्युटर सुरू करत, खुर्च्या सरळ करत आणि मागच्या खोलीत जाऊन बसत. मी एकदा दुपारी गेलो तर सगळे पडदे उजळलेले होते आणि आतून आवाज आला, "कोण आहे?" आवाजावरून ओळखायला काही उरलं नव्हतं.

२०१९च्या उन्हाळ्यात सर गेले. सात वाजून गेले तरी शटर वर गेलं नाही, हे शेजारच्या शेठच्या लक्षात आलं. त्यांनी रेडिओ बंद केला, भिंतीवर थाप मारली, हाक मारली. मग मला फोन केला.

सरावलीहून पुतण्या आला. त्याने टाईपरायटर आणि कॉम्प्युटर एका व्यापाऱ्याला दिले. मी ते एक यंत्र मागून घेतलं, पुठ्ठ्यासकट. टेबलाच्या खणात ती ट्यूब सापडली. झाकणाखालचं सील तसंच होतं.

बायको म्हणाली, "आपल्याकडे मुलीचा लॅपटॉप आहे. हे कोण वापरणार?" मी म्हटलं, कोणी नाही. ते आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. सुरू होतं.

खंडेनवमीला मी रजा टाकली, कॅबिनेट दोरीने बांधला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन तलासरीला गेलो. स्टुलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. दुरुस्तीवाल्याने माझ्यामागे रस्त्याकडे पाहिलं. मी सांगितलं. त्याने कॅबिनेट जवळ ओढला.

"काय होतंय? बंद पडतं?"

"नाही. चालू आहे."

त्याने आणखी विचारलं नाही. पंखा काढला, जुनी पेस्ट पुसली, मुगाच्या डाळीएवढी नवी ठेवली आणि दाबून बसवलं. मी वर्तमानपत्र न काढता त्यावरच बसून बघत होतो.

७ ऑक्टोबर २०१९. पन्नास रुपये, तलासरीच्या दुरुस्तीवाल्याला, रोख. चहाचे त्याने घेतले नाहीत.